चौदाव्या भागातलं अक्षर

नंदे, तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुझ्या भावावर विश्वास ठेवला नाही.

गजू म्हणाला, "वनिताताई, नंदी गेली," आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की याला हिनंच फोन करायला लावलं असणार. चार वर्षं मी तुझा फोन उचलत नव्हते, म्हणून भावाच्या नंबरावरून ही नवी युक्ती. मी त्याला विचारलंसुद्धा, "खरं सांग गजू, थे बाजूलेच बसली हाय ना?" त्याच्या मागे तुझी आई, लीलामावशी, रडत होत्या. ते रडणं ऐकलं आणि शाळेच्या व्हरांड्यात मी तशीच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी पेपरात तुझ्यावर छापून आलं. केनवडची मुलगी, मुंबईत नाव काढलं, राजघराण्यावरच्या गाजलेल्या मालिकेचे संवाद लिहिले, वगैरे. फोटो कुणीतरी जुना दिला होता. त्यात तू हसत होतीस, आणि तू कॅमेऱ्यापुढे तशी कधीच हसत नव्हतीस. मी तो मजकूर दोनदा वाचला. त्यात माझ्याबद्दल काही आहे का, ते पाहायला. आता तू नाहीस तर कबूल करते, गेली चार वर्षं तुझं कुठेही काही आलं की मी असंच वाचायची.

आपलं भांडण तुझ्या मालिकेच्या दुसऱ्या पर्वापासून झालं असं सगळे समजतात. गजूही तसंच समजतो. पण मी तुझ्यावर संशय घ्यायला लागले ते वाशिमच्या खोलीत, आपल्या ओळखीच्या पहिल्याच आठवड्यात.

डी.एड.चं पहिलं वर्ष. तळ्याजवळच्या त्या घरात मागची खोली दोघींत मिळून. तू स्टोला पिन मारत होतीस आणि मी पेटीतली पुस्तकं काढत होते. तू विचारलंस, "तू किन्हीराजाची ना? आमच्या गल्लीत किन्हीराजाच्या एक काकू राह्यतात. शांताकाकू. कपडे शिवतात. वळखतं का?"

माझ्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. मी म्हणाले, "माही आत्या हाय थे. पण तिचं डोकं जरा..."

तू पिन बाजूला ठेवलीस आणि माझ्याकडे पाहिलंस. "शांताकाकूचं? आमच्या गल्लीत भांडण झालं ना, त लोकं निवाड्यासाठी त्यायच्याकडे जातात वं."

मी विषय बदलला. पण त्या दिवसापासून तू केनवडला जाऊन आलीस की मी तुझ्या तोंडाकडे बघत राहायची. आत्यानं काय सांगितलं असेल? किती सांगितलं असेल? तू माझ्यासाठी आत्याकडचे लाडू आणायचीस, आणि मी आधी विचारायची, "काय म्हणत होती?" तू म्हणायचीस, "काही नाही, पोरीले दे म्हणे." मला ते "काही नाही" कधीच खरं वाटलं नाही.

आत्याचं काय झालं होतं ते मी तुला तुकड्यातुकड्यानं सांगितलं. मी पाच वर्षांची असताना ती विधवा होऊन आमच्याकडे, माहेरी आली. मला पाटीवर अक्षरं तिनं गिरवून घेतली. आजोबा वारले तेव्हा तिनं आपल्या वाट्याचं शेत आपल्या नावावर करून मागितलं. बाबा आणि काका आधी हसले, मग चिडले, मग दोघांनी मिळून बाहेर सांगायला सुरुवात केली की शांता डोक्यानं सरकली आहे. ती मशिनीवर बसून स्वतःशी बोलायची, हे खरं. एकदा तिनं काकाच्या अंगावर तांब्या फेकला, हेही खरं. तेवढं त्यांना पुरलं. कचेरीत अर्ज गेला, की बहिणीला कशाचं भान नाही, तिच्या सहीला अर्थ नाही, आम्ही भाऊच तिचा सांभाळ करतो. पंधरा दिवसांत आत्या शिवणाची मशीन बैलगाडीत घालून केनवडला, नवऱ्याच्या घरातल्या एका खोलीत, राहायला गेली.

हे सगळं मी तुला सांगितलं. सांगताना रडलेसुद्धा. फक्त एक गोष्ट सांगितली नाही. तो अर्ज मी लिहिला होता.

बाबांनी मला बैठकीत बोलावून घेतलं होतं. समोर कोरा कागद, बाजूला काका. बाबा सांगत होते, मी लिहीत होते. माझं अक्षर आत्याच्या वळणाचं, गावात सगळ्यात चांगलं. बाबा म्हणाले, "लिव, बहीण येडी हाय." आणि मी, बारावी झालेली, मराठीत पहिली आलेली मुलगी, मान वर करून म्हणाले, "अर्जात येडी नाही लिवत बाबा. भ्रमिष्ट लिवा लागते." काका खूश झाला. "पाह्य, शिकलेलं पोट्टं," म्हणाला. आणि मी तो शब्द लिहिला.

नंदे, हा शब्द त्या खोलीतल्या तीन माणसांनाच माहीत होता. कागद कचेरीत गेला आणि संपला, असं मी धरून चालले होते.

नंतर आपण दोघी सुट्टीत दोनदा केनवडला एकत्र गेलो. आत्यानं मला ब्लाऊज शिवून दिला. बाह्यांचं माप घेताना तिनं विचारलं, "तुहं अक्षर अजून तसंच हाय का वं?" मी दचकले. टेपचं थंड टोक दंडाला लागलं होतं, म्हणून दचकले असं मी तुम्हाला दोघींना दाखवलं. तू दाराशी शेंगा फोडत बसली होतीस. तू वर पाहिलं नाहीस. तू वर का पाहिलं नाहीस, हा प्रश्न मी पुढे कित्येक वर्षं मनात घोळवला. आत्या गेली तेव्हाही, तिच्या मयतीला, मी आत्याकडे कमी आणि तुझ्याकडेच जास्त पाहत होते.

मग तू मास्तरकी सोडलीस आणि मुंबईला गेलीस. मी आपली जिल्हा परिषदेच्या शाळेत, वर्गात फळ्यावर सुविचार लिहीत राहिले. तुझी मालिका लागली तेव्हा मी किती मिरवलं ते तुला कुणी सांगितलं असेल की नाही माहीत नाही. पहिल्या पर्वात, नावं सरकताना, मी बाबांना रिमोट हातात घेऊ द्यायची नाही. "थांबा, आता येते तिचं नाव." ते इतक्या लवकर जायचं की दिसायचं नाही, पण मला माहीत असायचं कुठल्या ओळीत आहे. संध्याकाळी सात वाजले की आमच्या घरात आजूबाजूच्या पाचसहा बाया जमायच्या. राजवाडा, पालख्या, दरबार, कट करणारा तो तिरक्या भुवईचा दिवाण. बाया दिवाणाला शिव्या द्यायच्या. मला तुझी वाक्यं ओळखू यायची. राजाच्या तोंडी तू केनवडच्या सरपंचाचं बोलणं घातलंस तेव्हा मी एकटीच हसले.

मी तुला फोन केला होता त्या दिवशी. तू म्हणालीस, "तुले समजलं ना? बस झालं. बाकीच्यायले कायले समजा लागते?" ते बोलणं मला फार आवडलं होतं. त्या एका दिवशी मला तुझा संशय आला नाही, असं आठवून पाहते आहे, आणि खरंच नव्हता आला.

दुसऱ्या पर्वात आऊसाहेब आल्या. म्हाताऱ्या राजाची विधवा बहीण. आपला हक्क मागणारी. पहिल्या तीन भागांतच मला कळलं की ही आत्या आहे. तिचं सुई दातात धरून बोलणं, पाहुण्यासमोर पदर न घेणं. मी स्वतःला समजावलं, लेखक आजूबाजूचंच घेणार. बाबांना काही कळलं नाही. ते तक्क्याला टेकून बघायचे. राजानं दरबारात "आऊसाहेबांची मती फिरली आहे" असं म्हटलं तेव्हा बाबा म्हणाले, "बरोबर केलं राजानं. नाही त राज्य फुटलं असतं." शेजारच्या बाया त्यांच्यावर ओरडल्या. मी उठून चहा करायला गेले.

चौदावा भाग मी एकटीनं पाहिला असता तर बरं झालं असतं. घर भरलेलं होतं. राजा आपल्या धाकट्या मुलीला, कुमुदराजेला, बोलावतो. तिचं अक्षर सुंदर म्हणून. समोर कागद, दौत, टाक. राजा सांगतो, लिही, आमची बहीण वेडी आहे. आणि ती मुलगी मान वर करते. मला तेव्हाच कळलं. ती म्हणते, "आबासाहेब, खलित्यात वेडी लिहीत नाहीत. भ्रमिष्ट लिहितात."

कॅमेरा कागदावर. तिनं अक्षरं काढली, नंदे, आणि शेवटच्या ओळीतल्या "सांभाळ"मधल्या ळ ला असा मागे वळसा दिला, जसा मीच देते. वर्गातली मुलं ज्यावरून मला चिडवतात, तो. शेजारची मंगला म्हणाली, "माय वं, काय पोट्टी हाय! आत्याचं खाल्लं अन् आत्यालेच..." मंगला माझ्या शेजारी, माझ्या सतरंजीवर बसली होती. मी तिच्याबरोबर मान हलवली.

तुला फोन लावला तो परसात जाऊन, गोठ्याच्या भिंतीशी उभी राहून. ते बोलणं मला शब्दाशब्दानं पाठ आहे, कारण मी ते चार वर्षं उलटून पालटून पाहिलं.

"हे तुले कोणं सांगतलं?" मी म्हणाले.

"काय?"

"चवदावा भाग."

"वने, राजघराण्याची गोष्ट हाय. राजघराण्यात हेच होते."

"थो शब्द कोणं सांगतला तुले?"

"कोणता शब्द? संवाद मीच लिवतो त शब्द माहेच राह्यतीन ना."

"अन् ळ?"

तू म्हणालीस, "चांगलं अक्षर माह्या पाहण्यातलं एकच हाय. दोन वर्षं तुह्याच वह्यातून नोट्स उतरवल्या म्या. आर्टवाल्याले थेच काढून दाखवलं."

"आत्यानं सांगतलं का तुले काही?"

आणि तू उलट विचारलंस, अगदी हळू: "आत्याले काय मालूम होतं, वनी?"

आता मला वाटतं, तू दार उघडून धरलं होतंस. मी त्या क्षणी फक्त एक वाक्य बोलायचं होतं. पण मला वाटलं हा सापळा आहे. तू वकिलासारखी मला माझ्याच तोंडून वदवून घेते आहेस, आणि मग पंधराव्या भागात तेही घालशील. मी म्हणाले, "तू लोकायची घरं विकून पोट भरतं." असं म्हणाले मी, आणि फोन ठेवला. पुढचे भाग मी पाहिले नाहीत. सात वाजता मी वह्या तपासायला माडीवर जायची. खालून बायांचे आवाज यायचे, "आता काय करते वं हे पोट्टी," आणि मी कानांत बोटं घालून मुलांच्या वेलांट्या दुरुस्त करायची.

तुझे फोन आले, आठवड्याला एक, मग महिन्याला एक. मग मेसेज. "शेवटचा भाग पाह्य" असा एक मेसेज होता, बस तेवढाच. मला वाटलं, बघायला लावते आहे, म्हणजे त्यात आणखी काहीतरी केलं असणार. मी तो पुसून टाकला. गेल्या वर्षी मालेगावला त्या लग्नात तू दिसलीस. बारीक झाली होतीस. मला वाटलं, मुंबईचं फॅड असेल, डाएट वगैरे. हेही मी तुझ्या खात्यावर वाईटच टाकलं. तू मांडवातून माझ्या दिशेनं आलीस, आणि मी आहेराच्या रांगेत घुसले. तू रांगेबाहेर उभी राहून म्हणालीस, "वने, पाह्यला का?" मी म्हणाले, "वेळ नाही भेटला." तू हसलीस आणि "बरं" म्हणालीस. आपलं शेवटचं बोलणं ते. बरं.

आजारपणाचं तू कुणालाच सांगितलं नव्हतंस म्हणे. गजूलाही शेवटच्या महिन्यात कळलं. त्यावरही मी विचार केलाच, की मला कळू नये म्हणून तर नव्हे? बघ, अजून माझी खोड गेली नाही.

तेरवीच्या आधीच्या रविवारी दुपारी मी मोबाईलवर उरलेले भाग पाहिले. एका बैठकीत. बाबा पलीकडे झोपले होते. शेवटच्या भागात आऊसाहेब वाडा सोडून चालल्या आहेत. सगळे हात जोडून उभे आहेत, दिवाणसुद्धा. कुमुदराजे खांबाआड आहे. आऊसाहेब तिला हाक मारतात, जवळ घेतात, तिची बोटं हातात धरतात आणि म्हणतात, "अक्षर असंच राहू दे हो पोरी." आणि निघून जातात. पर्व संपलं.

मी ते दृश्य कितीदा मागे नेलं त्याची मोजदाद नाही. आऊसाहेबांना माहीत आहे की नाही? त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही. बोटं धरताना त्या जरा जास्त दाबतात असं मला एकदा वाटलं, नंतर नाही वाटलं. तू मुद्दाम तसं ठेवलं असणार. मला तुझा राग आला. मालिकेतल्या बाईचं जाऊ दे, पण माझ्या आत्याला माहीत होतं का? तू सोडून हे सांगणारं कोणी नव्हतं, आणि तू गेली होतीस.

मग मला लीलामावशी आठवल्या.

तेरवीला केनवडला आले. जेवणं उरकली, मंडप सोडायला माणसं लागली, गजू पाहुण्यांना स्टँडवर सोडायला गेला. मावशी ओसरीवर अडकित्ता घेऊन बसल्या होत्या. सुपारी कातरत होत्या, खात नव्हत्या. मी जवळ जाऊन बसले. तुझ्या आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लय आठवण काढे तुही. म्हणे, वनी येईन आई, थे हट्टी हाय पण येईन." मी मान खाली घातली. खरं की माझ्या समाधानासाठी, असा विचार तेव्हाही येऊन गेला.

मी विचारलं, "मावशी, शांताआत्याले मालूम होतं का, थो अर्ज कोणं लिवला थे?"

अडकित्ता थांबला नाही. "हाव. मालूम होतं ना."

"कसं?"

"थे गेली होती ना कचेरीत. आपलं नाव कायले काढलं म्हून इचाराले. तथल्या बाबूनं कागदच दाखवला तिले. म्हणे, बाई, तुमच्याच घरचा अर्ज हाय. शांताबाईनं अक्षर वळखलं. तिनंच त शिकवलेलं."

एवढी वर्षं मी ज्याला भीत होते ते एवढ्या साध्या आवाजात सांगितलं गेलं. अंगणात कुणीतरी भांडी घासत होतं.

"मग काय म्हणे आत्या?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांनी आधी मला बरं वाटेल असं काहीतरी सांगायचं ठरवलं होतं. मग बेत बदलला. "रडे. भावायचं समजते म्हणे, भाऊ असेच राह्यतात. पोट्टीनं काहून लिवलं? हेच एक धरून बसली होती. चार महिने. मशिनीवर बसली की हेच. मग तुमची वाशिमची शाळा सुरू झाली, अन् दिवाळीत नंदी घरी आली. शांताबाईनं तिले सारं सांगतलं. तू नंदीच्या खोलीवर राह्यतं हे मालूम झालं होतं ना तिले. म्हणे, तू तिच्यासंगं राह्यतं, तूच सांग, पोट्टीनं काहून लिवलं?"

"नंदी काय म्हणाली?"

"नंदी म्हणे, काकू, वनीले मालूमच नसंन कागद कायचा हाय. बापानं एकेक शब्द सांगतला असंन, पोट्टीनं लिवला असंन. धाकानं. पोट्टीले कोण समजावून सांगते? लय येळ बसली होती थे तिच्यापाशी. मंग शांताबाई म्हणे, हाव, असंच झालं असंन. अन् तेव्हापासून निवली बाई. लाडू पाठवाले लागली तुले. मरेपर्यंत थेच मनात धरून होती, की पोट्टीले मालूम नव्हतं."

मावशींनी सुपारीची ताटली खाली ठेवली.

"नव्हतं ना मालूम तुले?"

सरळ विचारलं त्यांनी. त्यांच्या डोळ्यांत काही डाव नव्हता. तुझ्या आईला खरंच फक्त जाणून घ्यायचं होतं. आणि मी, जिला सगळं आयुष्य समोरच्याच्या प्रश्नात फास दिसत आला, तिला त्या प्रश्नात काहीच सापडलं नाही.

"मालूम होतं, मावशी," मी म्हणाले.

मावशींनी अडकित्ता मिटला.

"सारं मालूम होतं. भ्रमिष्ट शब्द म्या सुचवला. बाबा येडी म्हणत होते. बाबा म्हणाले होते, अर्ज लिवून दे, मग तुले वाशिमले शिकाले पाठोतो. काका म्हणे पोरीले कायले शिकवता. मले वाशिमले जायचं होतं. म्हून लिवला."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, नंदे. तुला तर नाहीच, कारण ती खोली, ती शाळा, तो स्टो, तू, हे सगळं त्या कागदाचं होतं. आत्याचं शेत गेलं आणि मला तू मिळालीस. हे तुला कोणत्या तोंडानं सांगायचं?

मावशींनी मांडीवरचा सुपारीचा चुरा झटकला. मग म्हणाल्या, "नंदीले मालूम होतं का, तुले मालूम होतं थे?"

"हाव. तिले पक्कं मालूम होतं."

"मंग पोट्टी जाणून खोटं बोलली शांताबाईसंगं." "चहा ठेवतो," म्हणाल्या, आणि उठल्या नाहीत. मला जा म्हणाल्या नाहीत, बस असंही म्हणाल्या नाहीत. गजू स्टँडवरून येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो. निघताना मी पाया पडले, तेव्हा त्यांचा हात माझ्या डोक्यावर यायला वेळ लागला. पण आला.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, किती लोकं होते तेरवीले. मी सांगितलं. मग म्हणाले, पोट्टी हुशार होती, फक्त घरातल्या गोष्टी दाखवे. म्हणजे त्यांनाही कळलं होतं! तक्क्याला टेकून अख्खं पर्व बघत होते आणि कळलं होतं. मी म्हणाले, "बाबा, आत्याले मालूम होतं, अर्ज म्या लिवला थे." ते छताकडे बघत म्हणाले, "मालूम राह्यनच. थे काय येडी होती?" आणि कुशीवर वळले. मी त्यांच्या पाठीकडे पाहत उभी राहिले. त्या क्षणी मला त्यांची चीड यावी तेवढी आली नाही. शब्द मी दिला होता.

तुझ्याशी अजून भांडायचं आहे. तू आत्याला खोटं सांगितलंस आणि सगळ्या महाराष्ट्राला खरं. उलट का नाही केलंस? की आत्या गेल्यावरच तुला ते लिहिता आलं? आणि तो शब्द. आत्यानं अर्ज वाचला, शब्द तुला तिच्याकडून कळला असेल, पण तो माझ्या तोंडून आला हे तुला कोणी सांगणं शक्य नव्हतं. ते तू ओळखलंस. खोलीवर आल्यापासून तुझे शब्द मी दुरुस्त करत होते, "असं नाही लिवत वं नंदे," त्यावरून तू ओळखलंस. त्याबद्दल मला तुझा राग यावा की काय, ते मला अजून ठरवता येत नाही.

इतकी वर्षं मला संशय होता की तुला माहीत आहे. तो खरा निघाला. पहिल्या वर्षाच्या दिवाळीपासून माहीत होतं तुला. परवापासून मी ती दिवाळी आठवते आहे. तू सुट्टीवरून परत आलीस आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. भिंतीकडे तोंड करून वाचत बसायचीस. मला वाटलं, चाचणीत मला जास्त गुण पडले म्हणून जळते आहे. मीही बोलले नाही. वेगळा स्वयंपाक केला, वेगळी जेवायला बसले. तिसऱ्या दिवशी मी ताट वाढून घेतलं होतं. तू वही मिटलीस, उठलीस, माझ्यासमोर येऊन थोडा वेळ उभी राहिलीस. आता कळतं, तू तेव्हा काहीतरी ठरवत होतीस. मग माझ्या ताटाशी मांडी घालून बसलीस, माझ्याच भाकरीचा तुकडा मोडलास आणि म्हणालीस, "सरक वं. काय केलं भाजीले?"